छत्री फिरवण्याआधी वायर पाहा

पावसाची मोठी सर येते. टीव्हीवरचे चित्र आधी चौकोनाचौकोनांत फुटते, आवाज तुटक होतो आणि शेवटी काळ्या पडद्यावर ‘सिग्नल नाही’ एवढीच पाटी उरते. सामना रंगात आलेला असतो, नाहीतर मालिकेत कोणाचे तरी लग्न मोडत असते. घरातला एक जण उठतो, पायातल्या स्लिपरसकट शिडी चढतो, ओल्या पत्र्यावर उभा राहतो आणि छत्री जरा इकडे, जरा तिकडे करू लागतो. खालून खिडकीतून आवाज येत राहतो, ‘आलं... गेलं... अजून थोडं!’

सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागाला ही गोष्ट पुढे कुठे जाते ते ठाऊक आहे. टाचेचे हाड चुरलेला, मणक्याला मार बसलेला किंवा मनगट मोडलेला माणूस पावसाळ्यात स्ट्रेचरवरून आत येतो, तेव्हा ‘कसे पडलात?’ या प्रश्नाचे उत्तर पत्रा, गच्ची, झाड अशा मोजक्या शब्दांतच असते. पत्र्यावर कशासाठी चढला होता, हे केसपेपरवर बहुधा लिहिले जात नाही. त्यामुळे छत्रीपायी किती जण पडतात याचा आकडा हाती लागत नाही. एक गोष्ट मात्र तंत्रज्ञान कळणारा कोणीही सांगेल. पावसात छत्री फिरवायला वर चढणे हे जवळजवळ नेहमीच निरर्थक असते. दोष छत्रीच्या दिशेत नसतो. तो पावसात असतो, नाहीतर वायरमध्ये.

ही फिरवण्याची सवय आली कुठून? मुंबईत दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्या काळातल्या छपरावरच्या काडीकाडीच्या अँटेनाची नजर ढोबळ होती. ती पाचदहा अंशांनी हलली तरी फारसे बिघडत नसे आणि पडद्यावर मुंग्या आल्या की ती फिरवून खरोखर फरक पडे. चित्र हळूहळू बिघडायचे आणि हळूहळू सुधारायचे, म्हणून वरचा माणूस आणि खालचा माणूस यांचा तो संवाद शक्य होता. आजची छत्री सुमारे ३६ हजार किलोमीटरवरच्या एका उपग्रहाकडे रोखलेली असते. साठ सेंटिमीटरच्या छत्रीला एकदोन अंशांचीच चूक खपते. नटबोल्ट घट्ट असतील तर ती साध्या पावसाने जागची हलत नाही आणि हाताने हलवली की बिघडल्याशिवाय राहत नाही. शिवाय डिजिटल चित्राला मधली अवस्था जवळजवळ नसते. सिग्नल एका पातळीच्या वर असेपर्यंत चित्र लख्ख दिसते, ती पातळी सुटली की काहीच नाही. खालच्या माणसाला ‘आलं-गेलं’ म्हणण्यासारखे काही उरतच नाही. पन्नास वर्षांपूर्वीचा उपाय आजच्या रोगावर चालवला जातो आहे, असे म्हणायला हरकत नाही.

यात गेल्या काही वर्षांत आणखी एक बदल झाला आहे आणि त्याची चर्चा फक्त व्यापाराच्या पानांवर होते. पैसे भरून डीटीएच घेणाऱ्यांची संख्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नोंदीप्रमाणे २०२० च्या अखेरीस सात कोटींच्या आसपास होती. २०२५ मध्ये ती सहा कोटींच्या खाली होती. काही जण इंटरनेटवरच्या वाहिन्यांकडे वळले. मात्र ज्यांना दरमहा रक्कम परवडत नाही, असा मोठा वर्ग दूरदर्शनच्या फ्री डिशकडे गेला आहे. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेला महिन्याचे शुल्क नाही. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घेतला की झाले. सेवा चांगली आहे, गरिबाच्या घरात ती करमणूक आणि बातम्या दोन्ही पोहोचवते. पण शुल्क नाही, तसा बिघाड झाल्यावर घरी येणारा कंपनीचा माणूसही नाही. डीटीएच कंपनीचा माणूस, तो बरा असो वा वाईट, स्वतःच्या हत्यारांची पिशवी घेऊन यायचा. आता वायर कोणती घ्यायची, पिन कोण बसवणार आणि बिघडल्यावर वर कोण चढणार, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर घरातच शोधावे लागते. दुकानदार गुंडाळ्यातून देईल ती वायर आणि शेजारचा हुशार मुलगा बसवील ती पिन, असा कारभार होतो.

वायर म्हणजे वायर, त्यात काय पाहायचे, असे अनेकांना वाटते. घरातल्या बल्बच्या वायरीसाठी ते थोडेफार खरे आहे. तिथला प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करतो. छत्रीच्या तोंडाशी जो डबीसारखा भाग असतो, ज्याला एलएनबी म्हणतात, त्यातून वायरीत उतरणारा सिग्नल सेकंदाला ९५ कोटी ते २१५ कोटी आवर्तने पूर्ण करतो. म्हणजे ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ. इतक्या जलद प्रवाहाचे वागणे निराळे असते. तो तारेच्या गाभ्यात शिरतच नाही, पृष्ठभागावरून सरकतो. १००० मेगाहर्ट्झला तांब्यात तो साधारण दोन मायक्रॉन खोलीपर्यंतच वाहतो. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची असते, यावरून हा थर किती पातळ ते लक्षात यावे.

म्हणूनच ही वायर दोन सुट्या तारांची नसते. मधोमध एक तार, तिच्याभोवती पांढरा फोम, त्यावर पातळ पत्रा आणि जाळी, सर्वांत बाहेर प्लॅस्टिकचे आवरण. मधली तार आणि जाळी यांचा अक्ष एकच, म्हणून नाव कोअ‍ॅक्शियल. सिग्नल खरे तर या दोहोंमधल्या फोममधून प्रवास करतो. तार आणि जाळी त्याला वाट दाखवतात आणि बाहेरचा गोंगाट बाहेर ठेवतात. तारेची जाडी, फोमची जाडी आणि फोमचा प्रकार यांचे प्रमाण ठरलेले असते. त्यातून जो एक आकडा निघतो तो टीव्हीच्या वायरीसाठी ७५ ओहम असा असतो. वायर एखाद्या जागी चेपली, मोडली किंवा तिच्यात पाणी शिरले, की त्या जागी हा आकडा बदलतो आणि सिग्नलचा काही भाग तिथून मागे फिरतो. धमनीतून जाणारी नाडीची लाटही फाट्यांवरून अशीच काही अंशी परतते. तिथे शरीराने तजवीज केलेली आहे, गच्चीवर कोणी केलेली नाही.

आता झीज. वारंवारिता जितकी जास्त तितका सिग्नल वाटेत जास्त विरतो. मुंबई दूरदर्शनचा जुना सिग्नल साठ-सत्तर मेगाहर्ट्झच्या घरात होता. चांगल्या वायरीतून तीस मीटर आला तरी त्याचा निम्म्याहून बराच जास्त भाग शिल्लक राही. त्याच वायरीत, तेवढ्याच अंतरात, २१५० मेगाहर्ट्झचा सिग्नल जेमतेम दहावा हिस्सा उरतो. एलएनबी आधी तो पुरेसा वाढवून देते, म्हणून एवढी तूट चालते. पण हिशेब काठावर आला, की पावसाने खाल्लेला थोडासा वाटाही घात करतो. घरोघरी ऐकू येणारी ‘शेजाऱ्याचं दिसतं, आमचंच जातं’ ही तक्रार पुष्कळदा याच हिशेबाची असते. पाऊस दोघांवर सारखाच पडतो, पण शेजाऱ्याची वायर बरी असते.

दुकानात मिळणाऱ्या वायरींवर आरजी-५९, आरजी-६, आरजी-११ असे छापलेले असते. आरजी-५९ ची मधली तार पातळ असते, सुमारे पाऊण मिलिमीटरची. ती कमी अंतरासाठी आणि जुन्या कॅमेऱ्यांसाठी ठीक होती, छत्रीसाठी घेऊ नये. घरगुती कामाला आरजी-६ योग्य. तिची मधली तार एक मिलिमीटरची आणि बाहेरची जाडी सात मिलिमीटरच्या आत असते. छत्री आणि टीव्ही यांच्यात पन्नास मीटरहून जास्त अंतर असेल तर करंगळीएवढी जाड आरजी-११ लागते. ती महाग असते आणि वळवायला अवघड. बहुतेकांना तिची गरज पडत नाही. सीसीटीव्हीसाठी ‘थ्री प्लस वन’ नावाने मिळणारी, आत वीजपुरवठ्याच्या तीन बारीक तारा असलेली वायर उरली की ती छत्रीला लावण्याची एक हौस असते. तिच्यातली कोअ‍ॅक्शियल फार बारीक असते. ती लावू नये.

मधली तार तांब्यासारखी दिसते, पण तांब्याची असेलच असे नाही. बाजारातल्या बऱ्याचशा वायरींत गाभा पोलादाचा आणि वर तांब्याचा पातळ मुलामा असतो. लोहचुंबक लावला की कळते. याला लगेच फसवणूक म्हणायचे कारण नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे सिग्नल पृष्ठभागावरूनच जातो आणि तेवढ्यापुरता मुलामा पुरतो. अडचण दुसरीकडे आहे. छत्रीवरच्या एलएनबीला वीज याच वायरीतून मिळते. घरातला बॉक्स तिला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो आणि ती वीज मात्र गाभ्यातूनही वाहते. पोलादाच्या गाभ्याचा विरोध तांब्याच्या चार-पाच पट असतो. दहा-पंधरा मीटरला काही बिघडत नाही. लांबी वाढली, वर सांधे सैल असले की व्होल्ट गळतात. या दोन व्होल्टेजवरूनच एलएनबी दोन प्रकारच्या लहरींपैकी कोणती निवडायची ते ठरवते. त्यामुळे दोन्ही प्रकार वापरणाऱ्या सेवांमध्ये काही वाहिन्या दिसतात आणि काही अजिबात दिसत नाहीत, असा चमत्कारिक बिघाड होतो. मग मालक रिचार्ज संपला म्हणून भांडतो.

गाभ्याइतकेच जाळीकडे पाहावे. स्वस्त वायरीत जाळीचे धागे इतके विरळ असतात की ते मोजता येतात. चांगल्या वायरीत पत्रा पूर्ण गुंडाळलेला आणि त्यावर दाट जाळी असते. केबलवाल्याकडून जोडणी घेतलेल्या घरांत हे आणखी महत्त्वाचे, कारण केबलचे सिग्नल ज्या पट्ट्यात असतात, त्याच ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास मोबाइलचीही सेवा चालते. विरळ जाळीतून किंवा सैल पिनेतून टॉवरचा सिग्नल आत शिरतो आणि नेमक्या दोन-चार वाहिन्या फुटतात. गच्चीवरच्या भागासाठी काळ्या आवरणाची, उन्हासाठी बनवलेली वायर घ्यावी. पांढरी वायर भिंतीवर शोभून दिसते, पण बहुतेक पांढरी आवरणे घरातल्या वापरासाठीच असतात. दोन उन्हाळ्यांत त्यांना बारीक भेगा पडतात आणि तिसऱ्या पावसात त्यातून पाणी आत जाते.

खरी गोम मात्र वायरीत कमी आणि तिच्या दोन टोकांत जास्त आहे. या टोकाच्या आट्यांच्या पिनेला एफ कनेक्टर म्हणतात. १९५० च्या दशकात अमेरिकेत केबल टीव्हीसाठी तो तयार झाला आणि स्वस्त असल्यामुळे टिकला. त्याला स्वतःची मधली पिन नसते, वायरीची मधली तारच पिनेचे काम करते. म्हणजे कनेक्टर कितीही चांगला असला तरी तो शेवटी कापणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो. आपल्याकडे हे काम बहुधा दाताने किंवा नेलकटरने होते. आवरण सोलताना मधल्या तारेला चीर पडते आणि पहिल्याच वाऱ्यात ती तुटते. जाळीचा एखादा केसासारखा धागा मधल्या तारेला चिकटतो आणि बॉक्समधून येणारी वीज तिथेच शॉर्ट होते. पांढरा फोम कनेक्टरच्या आतल्या कडेशी समतल यायला हवा आणि तार तोंडापलीकडे दोन-तीन मिलिमीटरच डोकवायला हवी. ती आखूड राहिली तर टेकत नाही, लांब राहिली तर सॉकेटची पाती वाकवते.

कनेक्टर तीन तऱ्हांनी बसतो. हाताने पिळून बसवायचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट. तो वाऱ्याने हळूहळू सैल होतो आणि पाण्याला दार उघडे ठेवतो. चिमट्याने दाबून बसवायचा त्याहून बरा. खास हत्याराने मागून दाबून बसवला जाणारा, आत रबरी कडी असलेला कॉम्प्रेशन कनेक्टर छपरावरच्या जागेसाठी खरा योग्य. त्याची आणि पिळायच्या कनेक्टरची किंमत यांत काही रुपयांचाच फरक असतो. हत्यार महाग असते, पण ते घरोघरी नको, फिटरकडे असले म्हणजे झाले. फिटरला ‘तुमच्याकडे कॉम्प्रेशनचं हत्यार आहे का?’ एवढे विचारले तरी त्याचा हात कसा आहे, ते कळते.

पाणी येथे इतके का नडते, हे थोडे सांगायला हवे. फोम हवेसारखाच, विद्युतदृष्ट्या जवळजवळ काही नसल्यासारखा वागतो. त्याचा परावैद्युतांक दीडच्या आसपास असतो, पाण्याचा ८० च्या. कनेक्टरमध्ये शिरलेला एक थेंब म्हणजे सिग्नलच्या वाटेत उभी केलेली भिंतच. शिवाय जाळी केशिकांसारखी पाणी ओढून घेते. वरच्या टोकाला शिरलेले पाणी काही महिन्यांनी घरातल्या बॉक्सपर्यंत आलेले दिसते. तांब्यावर हिरवी बुरशीसारखी पूड धरते ती याचीच खूण. यावरून घरबसल्या निदान करता येते. चित्र फक्त मुसळधार पावसात जाते आणि सर थांबताच परत येते, तर तो आकाशातला अडथळा आहे. पंधरा-वीस मिनिटे थांबावे, वर जाऊ नये. पाऊस थांबून तास झाला, ऊन पडले, तरी चित्र फुटते आहे, तर कनेक्टरमध्ये पाणी आहे असे समजावे. बॉक्सच्या मेनूत सिग्नलची ताकद आणि दर्जा दाखवणाऱ्या दोन पट्ट्या असतात. कोरड्या दिवशी त्या किती भरतात, हे एकदा लिहून ठेवले तर पुढे तुलना करता येते. तापाच्या रुग्णाचा तक्ता ठेवतात, त्यातलाच हा प्रकार.

पाण्यावरचा उपाय साधा आहे. एलएनबीला जोडण्याआधी वायरीचा एक झोका खाली सोडावा, म्हणजे थेंब त्याच्या तळाशी येऊन गळून पडतात, कनेक्टरकडे जात नाहीत. जोडावर स्वतःतच वितळून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी. इलेक्ट्रिशियनची साधी काळी टेप एका उन्हाळ्यात सुटते आणि आत पाणी साठवून ठेवते, ती नसलेलीच बरी. मध्ये जोड देऊ नये, एक अखंड तुकडा घ्यावा. वायर खिळ्याने ठोकून चेपू नये, खिडकीच्या फटीत चिरडू नये आणि कोपऱ्यावर तळहाताच्या रुंदीएवढा तरी गोलावा ठेवावा.

आता विजेचे. टीव्हीच्या वायरीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, अशी तक्रार जुनीच आहे. दोन पिनांचा प्लग असलेल्या बॉक्सच्या आत गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांच्यामुळे जाळीवर किंचित गळती येते. ती सहसा अर्ध्या मिलिअँपिअरच्या आत असते. हृदयाची लय बिघडवायला साधारण त्याच्या शंभरपट प्रवाह लागतो. म्हणून खाली जमिनीवर उभे असताना या मुंग्या निरुपद्रवी. शिडीच्या वरच्या पायरीवर मात्र त्या निरुपद्रवी नसतात. हात दचकून मागे येतो आणि माणूस खाली पडतो. दुसरे असे की झिणझिण्यांवरून ही साधी गळती आहे की खरा बिघाड, हे ओळखता येत नाही. बॉक्समधला किंवा टीव्हीमधला बिघाड, किंवा वाटेत कुठेतरी विजेच्या तारेला घासलेली केबल, जाळीवर पूर्ण २३० व्होल्ट आणू शकते. ओल्या कातडीचा विरोध कोरडीपेक्षा फार कमी असतो. दहा मिलिअँपिअरच्या वर स्नायू आखडून मूठ सुटत नाही.

म्हणून वायरीला हात लावण्याआधी बॉक्स आणि टीव्ही दोन्हींचे प्लग काढावेत. नुसते रिमोटने बंद करून भागत नाही. यामुळे जोडताना शॉर्ट होऊन बॉक्स जळायचेही टळते. छत्रीची वायर विजेच्या खांबावरून किंवा सर्व्हिस वायरीला गुंडाळून कधीही आणू नये. छत्रीचा खांब आणि जाळी अर्थिंगला जोडलेली असावी. याने अंगावर पडणाऱ्या विजेपासून संरक्षण होत नाही, पण साठणारा भार आणि गळती जमिनीत जाते. आभाळ गडगडू लागले की छत्रीचा नाद सोडावा. प्लग काढायचे ते गडगडाट सुरू होण्याआधी.

कोणाला शॉक बसलाच तर आधी मेन स्विच बंद करावा, तोवर त्या माणसाला हात लावू नये. शुद्ध नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर १०८ ला फोन करून लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. विजेने थांबलेले हृदय पुष्कळदा तरुण आणि निरोगी असते, म्हणून त्याला ही संधी मिळायलाच हवी. उंचावरून पडलेल्याला बसवू नये, पाणी पाजू नये, खांद्यावर घेऊन रिक्षात कोंबू नये. मान आणि पाठ सरळ ठेवून फळीवर किंवा दारावर आडवे न्यावे. मणका मोडलेला असेल तर मज्जारज्जूला इजा पडण्याने होते आणि पडल्यानंतरच्या उचलाउचलीनेही होते.

या वायरीतून किंवा छत्रीतून किरणोत्सर्ग होतो का, हा प्रश्न दवाखान्यात अधूनमधून येतो. छत्री फक्त घेते, पाठवत नाही. वायरीतला सिग्नल मायक्रोवॅटच्या मापाचा आणि जाळीच्या आत बंद. गरोदर स्त्रीने या भीतीने खोली बदलण्याचे काही कारण नाही.

हीच वायर रुग्णालयातही आहे आणि तिथेही तिचे तसेच हाल होतात. सोनोग्राफीच्या प्रोबला जी एक जाड वायर दिसते, तिच्या आत शंभराहून अधिक, केसासारख्या बारीक कोअ‍ॅक्शियल तारा असतात. ट्रॉलीचे चाक तिच्यावरून गेले किंवा ती रोज पिळली गेली की एकेक तार तुटते आणि चित्रात उभे काळे पट्टे दिसू लागतात. ते पट्टे नेमके बाळाच्या हृदयावर आले तर पाहणाऱ्याला अडचण होते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत जाणारी केबल अनेक ठिकाणी ७५ ओहमचीच असते. तिच्या जागी ५० ओहमचा कनेक्टर बसतो, दिसायला सारखाच असतो आणि जुन्या, कमी वारंवारितेच्या कॅमेऱ्याला चालूनही जायचा. सेकंदाला जवळजवळ तीन अब्ज बिट वाहणाऱ्या नव्या एचडी कॅमेऱ्याला तो चालेल याची खात्री नसते. पित्ताशयाची धमनी हाताळत असताना पडदा काळा होऊ नये, म्हणून अशा केबल्स खरेदीच्या यादीत ‘एक वायर’ एवढ्याच शब्दांत लिहिल्या जाऊ नयेत.

गच्चीवरची दुरुस्ती मे महिन्यात करावी. वायर, दोन कॉम्प्रेशन कनेक्टर, रबरी टेप आणि फिटरची मजुरी, एवढाच खर्च असतो. दिशा बसवताना फिटर छोटा सिग्नल मीटर वायरीला लावून काम करतो, खिडकीतून कोणी ओरडायची गरज पडत नाही. या वर्षी मे निघून गेला असेल तर दोन-तीन दिवसांची उघडीप मिळेपर्यंत वाट पाहावी आणि तोवर सामन्याचे वर्णन रेडिओवर ऐकावे.